एका बाटलीत हजारो माणसं

बाटली उजेडासमोर धरली की आतलं द्रव पाण्याहून जेमतेम वेगळं दिसतं. किंचित पिवळसर झाक, बाकी काही नाही. नर्स पहिल्याच वेळी बजावते की ती जोरात हलवायची नाही, फेस होतो आणि आतलं प्रथिन बिघडतं. लेबलवर लिहिलेलं असतं: ह्यूमन नॉर्मल इम्युनोग्लोब्युलिन, 5 ग्रॅम, 100 मिलिलिटर. त्याखाली लॉट नंबर. हे औषध किमान एक हजार माणसांच्या एकत्र केलेल्या रक्तद्रवातून, म्हणजे प्लाझ्मातून काढलेलं असावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. कारखान्यांत एका वेळी एकत्र होणाऱ्या प्लाझ्मामागे बऱ्याचदा दहा-दहा हजार माणसं असतात.

त्यांतल्या कुणाला लहानपणी गोवर येऊन गेलेला असतो. कुणाला कॉलेजात असताना कावीळ झालेली असते. कुणी अंगणात गंजका खिळा पायात घुसल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असतं. कुणाच्या घशात न्यूमोकॉकस नावाचा जिवाणू काही आठवडे राहून, त्या माणसाला पत्ताही न लागता निघून गेलेला असतो. अशा प्रत्येक वेळी त्या शरीराने त्या जंतूला बरोबर जुळणारी प्रथिनं घडवली. त्यांना आपण प्रतिपिंडं म्हणतो, बोलताना अँटीबॉडी. त्या सगळ्यांच्या अँटीबॉडी या एका बाटलीत एकत्र आहेत. मी ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. कळत गेलं तसतसं आश्चर्य वाढतच गेलं, आणि अजून ते ओसरलेलं नाही.

माझ्या बहिणीच्या मुलाच्या शरीरात अँटीबॉडी तयार होत नाहीत. तो कोलकात्याच्या बालीगंजमध्ये, गडियाहाटच्या बाजारापासून जवळच्या एका गल्लीत वाढतो आहे. घरात मराठी, गल्लीत बंगाली. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासातल्या गणपतीत आरत्या म्हणतो आणि दुर्गापूजेत पाड्यातल्या मुलांबरोबर मंडपामागून मंडप पालथे घालतो. दर तीन-चार आठवड्यांनी एक दिवस तो हॉस्पिटलमध्ये जातो, हाताला सुई लावून घेतो आणि चार-पाच तास पडून राहतो. त्याच्या आजाराचं नाव एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनिमिया. डॉक्टर थोडक्यात एक्सएलए म्हणतात, आम्ही घरात नुसतं 'ग्लोब्युलिन' म्हणतो.

पहिले सहा-सात महिने बाळ अगदी ठणठणीत होतं. मग कान वाहायला लागला. मग खोकला, मग न्यूमोनिया, तो बरा होतो न होतो तोच पुन्हा न्यूमोनिया. शेजारच्या काकिमा म्हणायच्या, "ठांडा लेगे गेछे," म्हणजे थंडी बाधली. कोलकात्यात लहान मुलाच्या बहुतेक आजारांचं निदान इथूनच सुरू होतं, त्यामुळे कानटोपी आली, मोहरीच्या तेलाचं मालिश आलं, आणि काकिमांची माया खरी होती. पण आजार परत येतच राहिले. शेवटी एका डॉक्टरांनी टॉर्च लावून त्याच्या घशात पाहिलं आणि त्या थोडा वेळ पाहतच राहिल्या. एवढ्या वेळा घशा-कानाचं दुखणं झालेल्या मुलाचे टॉन्सिल सुजलेले दिसायला हवेत. याला जवळजवळ टॉन्सिलच नव्हते. टॉन्सिलचा मोठा भाग बी नावाच्या पांढऱ्या पेशींनी बनलेला असतो, आणि अँटीबॉडी बनवण्याचं कामही याच पेशींचं. बी पेशी नाहीत म्हणून टॉन्सिल नाहीत, आणि म्हणूनच अँटीबॉडीही नाहीत. रक्ततपासणीत ते पक्कं झालं.

बी पेशी हाडांच्या मगजात जन्माला येतात आणि तिथेच टप्प्याटप्प्याने मोठ्या होतात. एका टप्प्यावर पेशीला पुढे जाण्याचा निरोप मिळावा लागतो. तो निरोप पोचवणाऱ्या प्रथिनाचं नाव ब्रुटन टायरोसिन कायनेज. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि ते 1993 साली सापडलं. त्या जनुकात चूक असली की पेशी त्या टप्प्यावर अडतात आणि तिथेच संपतात. मुलींकडे दोन एक्स असतात, एक बिघडला तरी दुसरा काम भागवतो. मुलाकडे एकच.

हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं त्या संध्याकाळी बहिणीला आणि मला एकदमच आमच्या दादाची आठवण झाली. आठवण तरी कसली, आम्ही त्याला पाहिलेलंच नाही. आईचा पहिला मुलगा वर्षाचा व्हायच्या आत छातीत कफ भरून गेला होता. आई त्याबद्दल फार बोलायची नाही, आणि बोललीच तर आपण त्याला पावसात बाहेर नेलं होतं, असं म्हणायची. तिने आयुष्यभर तो दोष स्वतःकडे घेतला. तो पाऊस नव्हता. आम्हा दोघी बहिणींना तो एक्स मिळाला असण्याची शक्यता निम्मी-निम्मी होती. तिला मिळाला, मला नाही. आईला हे सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

आता अँटीबॉडीकडे येते, कारण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे.

जगात किती तऱ्हेचे जंतू आहेत, आणि उद्या कोणता नवा येईल, हे कोणत्याच शरीराला आधी ठाऊक नसतं. तरीही जवळपास कोणत्याही जंतूला जुळणारी अँटीबॉडी आपण बनवू शकतो. माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण 20 हजार, आणि अँटीबॉडीचे प्रकार मात्र कोट्यवधी. हा हिशेब जुळतो कसा? अनेक वर्षं कुणाला कळत नव्हतं. सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात काम करताना 1976 साली त्याचं उत्तर दाखवलं. प्रत्येक बी पेशी वाढताना स्वतःचाच डीएनए कापते, अँटीबॉडीच्या जनुकाचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने उचलते आणि नव्याने जोडते. प्रत्येक पेशीची जोडणी निराळी, म्हणून प्रत्येकीची अँटीबॉडी निराळी. तोनेगावांना 1987 साली नोबेल मिळालं. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी आपला डीएनए जिवापाड जपतात, आणि या पेशी तो मुद्दाम तोडून पुन्हा सांधतात.

म्हणजे आपल्याला वाटतं त्याच्या उलट घडतं. जंतू आला आणि मग त्याच्या मापाची अँटीबॉडी बेतली गेली, असं होत नाही. मापं आधीच तयार असतात, लाखो-कोट्यवधी, जंतू अजून भेटलेलाच नसताना. जंतू आला की ज्या पेशीचं माप त्याला जुळतं ती पेशी वाढते, तिच्या असंख्य प्रती होतात, त्यांतल्या काही झपाट्याने अँटीबॉडी सोडू लागतात आणि काही वर्षानुवर्षं टिकून राहतात. हा विचार ऑस्ट्रेलियातल्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी 1957 सालीच मांडला होता.

यावरून आमच्या बाटलीचं एक कोडं सुटतं. आज एकाच प्रकारची अँटीबॉडी मोठ्या टाक्यांत पेशी वाढवून हवी तेवढी तयार करता येते, कॅन्सरची कितीतरी औषधं तशीच बनतात. मग ही का नाही? कारण इथे एक प्रकार पुरत नाही, हजारो जंतूंना पुरतील एवढे प्रकार लागतात, आणि तो साठा फक्त आजारपणं अंगावर काढलेल्या, लसी घेतलेल्या माणसांच्या रक्तातच आहे. हे औषध आजही माणसांकडूनच मागून आणावं लागतं.

दुसऱ्याच्या अँटीबॉडी उसन्या घेण्याची कल्पना तशी जुनी. 1890 साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं की धनुर्वाताला तोंड देऊन वाचलेल्या प्राण्याचं रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवतं. वैद्यकाचं पहिलं नोबेल, 1901 सालचं, बेरिंगना याच वाटेने मिळालं. आपल्याकडे साप चावल्यावर जे इंजेक्शन देतात ते याच जातीचं. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव त्यासाठी महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. घोड्याला थोडंथोडं विष देऊन त्याच्या रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडी सर्पदंशाच्या रोग्याला दिल्या जातात. पण घोड्याचं प्रथिन माणसाच्या शरीराला परकं वाटतं. एकदा जीव वाचवायला ते चालतं, आयुष्यभर दर महिन्याला चालत नाही. त्यासाठी माणसाच्याच अँटीबॉडी हव्यात, आणि रक्तातून त्या स्वच्छ वेगळ्या करता यायला हव्यात.

ते जमलं दुसऱ्या महायुद्धामुळे. अमेरिकेत हार्वर्डमध्ये एडविन कोन यांच्यावर जखमी सैनिकांसाठी टिकाऊ रक्तद्रव तयार करण्याचं काम आलं. त्यांनी प्लाझ्मा थंड ठेवून त्यात हळूहळू अल्कोहोल वाढवत नेलं, आम्लता बदलत नेली, आणि एकेक प्रथिन खाली बसत गेलं. त्यांना हवं होतं अल्ब्युमिन. 1941 च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा भाजलेल्या सैनिकांना ते दिलंही गेलं. उरलेल्या साक्यातला दुसरा भाग म्हणजे गॅमा ग्लोब्युलिन. सगळ्या अँटीबॉडी त्यात होत्या. गोवराची आणि काविळीची साथ आली की तो टोचायचा, एवढाच त्याचा उपयोग तेव्हा होता.

मग आलं 1952. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात कर्नल ऑग्डेन ब्रुटन हे मुलांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. चार वर्षांत 19 वेळा त्याच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. ब्रुटन यांनी त्याचं रक्तद्रव विद्युतप्रवाहात ठेवून प्रथिनं वेगळी करून पाहिली. ही पद्धत स्वीडनच्या आर्ने टिसेलियस यांची. आलेखावर अल्ब्युमिनचा उंच सुळका होता, पुढचे चढउतार होते, आणि शेवटी जिथे गॅमाचा उंचवटा असायला हवा तिथे सपाट रेघ. रक्तात अँटीबॉडीच नसलेला माणूस त्याआधी कुणी ओळखला नव्हता. ब्रुटन यांनी कपाटातलं गॅमा ग्लोब्युलिन काढलं आणि दर महिन्याला 3.2 ग्रॅम त्याच्या त्वचेखाली टोचायला सुरुवात केली. रक्तातला तो संसर्ग थांबला.

मला यात सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. औषध तयार होऊन काही वर्षं झाली होती, आजार नंतर सापडला. आणि आजार तोवर सापडला नाही याचं कारण, पेनिसिलिनच्या आधी अशी मुलं पहिल्या-दुसऱ्या न्यूमोनियातच जात. 19 वेळा आजारी पडायला आधी 18 वेळा वाचावं लागतं. आमच्या दादासारख्या किती जणांच्या नावापुढे नुसता 'न्यूमोनिया' लिहिला गेला असेल!

ब्रुटन यांचं नाव मिळालेलं ते प्रथिन आज आणखी एका ठिकाणी भेटतं. काही रक्ताच्या कर्करोगांत बी पेशी बेसुमार वाढतात. तेव्हा हेच प्रथिन बंद पाडणारी औषधं देतात. त्यातलं पहिलं, इब्रुटिनिब, 2013 साली अमेरिकेत मंजूर झालं. काही मुलांत जे नसतं म्हणून ती आजारी पडतात, तेच रोखून कर्करोगाचे रोगी सावरतात.

ब्रुटन यांच्या त्याच 1952 साली मुंबईत डॉ. यशवंत भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगट जगासमोर आणला. तो सापडला तोही रक्तद्रवातल्या अँटीबॉडीमुळेच, कारण त्या गटाच्या माणसांच्या अँटीबॉडी ओ गटाच्या लाल पेशींचेदेखील पुंजके करत होत्या. त्या काळाचा धागा आजही परळात सापडतो. केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था 1957 साली रक्तगटांचं केंद्र म्हणून सुरू झाली, आणि आता जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांचं निदान करणाऱ्या देशातल्या महत्त्वाच्या ठिकाणांपैकी ती एक आहे. इथे कोलकात्यात बालीगंज सर्क्युलर रोडवर तारकनाथ पालित यांनी दिलेल्या जागेतलं सायन्स कॉलेज आहे. त्यावरून जाताना मला ब्रुटन यांच्या आलेखाची आठवण येते, कारण प्रथिनं विजेवर पळवून वेगळी करण्याचं ते तंत्र आता जीवशास्त्राचे विद्यार्थी सहज शिकतात.

बाळ पहिले सहा महिने ठणठणीत होतं, ते का? कारण त्याची ग्लोब्युलिनची पहिली मात्रा त्याला जन्माआधीच मिळाली होती, आईकडून. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात. त्या आपोआप झिरपत नाहीत, एक खास रिसेप्टर त्यांना उचलून पलीकडे नेतो. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाच्या रक्तात आयजीजी आईच्या रक्ताइतकी, कधी तिच्याहून थोडी जास्तच असते. वेल्समधल्या बँगोर इथले प्राणीशास्त्रज्ञ रॉजर्स ब्रॅम्बेल सशांवर काम करत असताना त्यांना वाटलं की असा एक वाहक असलाच पाहिजे. पुढे त्यांनी त्याहून धाडसी गोष्ट सुचवली. रक्तात आयजीजी इतर बहुतेक प्रथिनांपेक्षा कितीतरी जास्त टिकते, तिचं अर्धं प्रमाण उरायला साधारण तीन आठवडे लागतात. त्याचं कारणही हाच वाहक असावा, असं ते म्हणाले. ते खरं निघालं. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी आजूबाजूची प्रथिनं गिळत असतात. गिळलेल्यातली आयजीजी हा रिसेप्टर पकडतो आणि पचण्याआधी पुन्हा रक्तात सोडून देतो. आईची माया बाळाकडे नेणारा आणि मोठेपणी तीच प्रथिनं वाचवत राहणारा वाहक एकच.

आमच्या मुलाला मिळणारी उसनी आयजीजीही हाच रिसेप्टर सांभाळतो. म्हणून रोज टोचून घ्यावं लागत नाही. तरी साठा उतरतोच, बुडाला बारीक भोक असलेल्या रांजणासारखा. ड्रिप झाली की पातळी वर जाते, मग दिवसागणिक खाली येते. पुढच्या ड्रिपच्या अगदी आधी जी सगळ्यात खालची पातळी मोजतात तिला डॉक्टर 'ट्रफ' म्हणतात. घरातला प्रत्येक जण हा शब्द शिकला आहे. ट्रफ डेसिलिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ द्यायची नाही, जमलं तर बरीच वर ठेवायची. तिसरा आठवडा सरत आला की बहिणीला आकडा बघावाच लागत नाही. मुलगा लवकर दमतो, नाक वाहतं, चिडचिड होते. अशा रोग्यांच्या घरी 'डोस संपत आला' हे वाक्य कॅलेंडर न बघता म्हटलं जातं.

मात्रा वजनावर असते, साधारणपणे किलोमागे 400 ते 600 मिलिग्रॅम. ड्रिप सुरुवातीला अगदी हळू, मग दर थोड्या वेळाने वेग वाढवतात, ताप आणि रक्तदाब बघत. थंडी वाजली, पाठ दुखली की वेग कमी. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. शीर सापडली नाही की तोंड बारीक होतं, पण तो रडत नाही, नर्सदीदीलाच धीर देतो. बाटलीवरचा लॉट नंबरचा स्टिकर बहीण काढून वहीत चिकटवते. कधी त्या लॉटबद्दल काही कळलं तर शोधता यावं म्हणून ही वही. 1990 च्या दशकात एका परदेशी उत्पादनातून हेपटायटिस सी पसरला होता. त्यानंतर विषाणू मारण्याच्या आणि गाळून काढण्याच्या अनेक पायऱ्या प्रत्येक बाटलीमागे सक्तीच्या झाल्या.

दुसरी पद्धत ब्रुटन यांची मूळची, त्वचेखाली टोचण्याची. मधल्या काळात ती मागे पडली. आधी स्नायूत खोल इंजेक्शनं आली, ती फार दुखायची आणि पुरेशी मात्रा त्यातून जायची नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला शिरेतून देण्याजोगं शुद्ध औषध आलं आणि बहुतेक जण तिकडे वळले. आता अमेरिका-युरोपात कितीतरी कुटुंबं पुन्हा त्वचेखालीच घेतात, घरी, दर आठवड्याला, पोटावर किंवा मांडीवर, छोट्या पंपाने. टोचल्या जागी गोळा येतो, लाल होतं, एखाद्या दिवसात बसतं. थोडं थोडं आणि वरचेवर घेतल्याने पातळी फारशी चढत-उतरत नाही. शाळा बुडत नाही. भारतात अजून बहुतेकांना शिरेतूनच घ्यावं लागतं. त्वचेखालचं इंजेक्शन इथल्या मुलांना सहज मिळावं असं मला मनापासून वाटतं, कारण एका कुटुंबाचा महिन्यातला एक पूर्ण दिवस म्हणजे काय ते मी जवळून पाहते.

या उसन्या साठ्याचं एक विलक्षण लक्षण म्हणजे तो दुसऱ्यांचा इतिहास घेऊन येतो. ड्रिपनंतर भाच्याच्या रक्ताची अँटीबॉडी तपासणी केली तर कधीच न झालेली कावीळ आणि कधीच न आलेला गोवर अहवालात दिसू शकतो. म्हणून संसर्ग शोधायचा असेल तर अशा रोग्यांत अँटीबॉडीवर भरवसा ठेवत नाहीत, जंतूच्याच जनुकांचा शोध घेतात. साठ्यात काळही उमटतो. 2020 मध्ये कोविड आला तेव्हाच्या बाटल्यांत त्याच्या अँटीबॉडी नव्हत्या. लोक आजारी पडत गेले, लसी घेत गेले, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत त्या बाटल्यांत भरत गेल्या. गोवराचं याच्या उलट चाललं आहे. खरा गोवर आलेली पिढी रक्तदानाच्या वयाच्या पलीकडे चालली, तिची जागा लस घेतलेल्यांनी घेतली, आणि लसीने येणारी अँटीबॉडी थोडी कमी असते. म्हणून अमेरिकेत बाटलीतल्या गोवराच्या अँटीबॉडीची किमान अट खाली आणावी लागली. सगळ्या समाजाची आजारपणं आणि लसीकरणं माझ्या भाच्याच्या हातातल्या नळीपर्यंत पोचतात.

सगळंच मात्र बाटलीतून मिळत नाही. तिच्यात प्रामुख्याने आयजीजी असते. नाक, फुप्फुसं, आतडी यांच्या ओलसर अस्तरावर पहारा देणारी आयजीए तिच्यातून तिथे पोचत नाही. म्हणून सर्दी-खोकला राहतो, फुप्फुसांची काळजी आयुष्यभर घ्यावी लागते, पाणी उकळून प्यावं लागतं. ताप आला तर 'उद्या बघू' चालत नाही.

आणि पोलिओचे थेंब. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रोगी 13 जानेवारी 2011 रोजी हुगळीच्या पलीकडे, हावडा जिल्ह्यात सापडला. 2014 साली देश पोलिओमुक्त ठरला. तोंडाने द्यायच्या लसीने ते साधलं, आणि त्या लसीबद्दल मला आदरच आहे. पण तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. अँटीबॉडी नसलेल्या मुलाच्या आतड्यात तो महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षं राहू शकतो आणि हळूहळू बदलून पुन्हा घातक होऊ शकतो. मुंबईतल्या संशोधकांनी अशा मुलांच्या शौचाच्या नमुन्यांत दीर्घकाळ विषाणू सापडल्याचं दाखवलं आहे. म्हणून अशा मुलांना, आणि त्यांच्या घरातल्या इतर मुलांनाही, थेंबांऐवजी मृत विषाणूची इंजेक्शनची लस देतात. ती भारताच्या नियमित लसीकरणात 2015 च्या अखेरीपासून आली.

एकदा ड्रिप चालू असताना भाच्याने विचारलं, "मावशी, आत्ता माझ्यात किती माणसं आहेत?" मी त्याच्याबरोबर कागदावर हिशेब मांडला. त्याचं वजन 30 किलोच्या आसपास, म्हणजे महिन्याला साधारण 15 ग्रॅम. एक लिटर प्लाझ्मातून कारखान्यात सुमारे 4 ग्रॅम मिळतं, म्हणजे पावणेचार लिटर लागले. रक्तदानाच्या 350 मिलिलिटरच्या पिशवीतून प्लाझ्मा निघतो 200 मिलिलिटरच्या जवळपास. म्हणजे दर महिन्याला एकोणीस-वीस पिशव्या, वर्षाला दोनशेच्या वर. हे फक्त आकारमान झालं. सगळं एकत्र ढवळलेलं असल्याने प्रत्यक्षात त्या हजारो माणसांतल्या प्रत्येकाचा वाटा त्याच्यात आहे. आणि 15 ग्रॅममध्ये अँटीबॉडीचे रेणू किती? 6 वर 19 शून्यं. त्याने ती शून्यं सावकाश लिहून काढली.

आपल्या देशात रक्त विकत घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. जगातल्या प्लाझ्माचा मोठा वाटा अमेरिकेतून येतो, तिथे दात्यांना पैसे मिळतात. आपल्याकडचा प्लाझ्मा रक्तदानातूनच वेगळा काढलेला असतो. त्यामागे मोठी परंपरा आहे. मुंबईत लीला मुळगावकरांनी 1954 पासून स्वेच्छेने रक्त देण्याची चळवळ उभी केली. कोलकात्यात 1942 साली, युद्धाच्या धामधुमीत, रक्तपेढी सुरू झाली होती. आज बालीगंजच्या कुठल्याही पाड्यात वर्षातून एकदा तरी क्लबच्या दारात मांडव पडतो, लाउडस्पीकर लागतो आणि रक्तदान शिबिर भरतं, 23 जानेवारीला नेताजींच्या जयंतीला तर हमखास. तिथे हात पुढे करणाऱ्याला वाटतं, आपलं रक्त अपघातातल्या कुणाला किंवा थॅलेसेमियाच्या मुलाला जाईल. लाल पेशी तिकडे जातातही. पण त्या पिशवीतलं पिवळं पाणी नीट वेगळं काढून, वेळेत गोठवून कारखान्यात पोचलं, तर त्यातून आणखी एक मूल महिनाभर शाळेत जातं. ज्या रक्तपेढ्या घटक वेगळे करत नाहीत, किंवा ज्यांचा प्लाझ्मा वापराविना मुदतीबाहेर जातो, तिथे हे सगळं वाया जातं. हा अपव्यय आपल्याला परवडणारा नाही, असं मी स्पष्टच म्हणेन.

खर्च मोठा आहे, दर महिन्याला हजारोंचा, आयुष्यभर. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात ग्लोब्युलिनचा उपचार लागणारे हे आजार धरले आहेत. 2022 मधल्या बदलानंतर ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. त्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे आणि कोलकात्याचं एसएसकेएमही. नवीन निदान झालेल्या प्रत्येक कुटुंबाने तिथे नाव नोंदवण्याची चौकशी पहिल्या आठवड्यातच करावी.

शेवटी वाचकांना दोन विनंत्या. एखाद्या मुलाला वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, कान पुन्हा पुन्हा वाहत राहिला, अँटिबायोटिकचे कोर्स संपता संपेनात, वजन वाढेना, किंवा आईच्या माहेरी लहानपणी गेलेले मुलगे असतील, तर डॉक्टरांना रक्तातल्या आयजीजी, आयजीए आणि आयजीएमच्या पातळीची तपासणी करायला सांगा. ती साधी तपासणी आहे, मोठ्या शहरांतल्या बहुतेक प्रयोगशाळांत होते. आणि पुढच्या वेळी तुमच्या वस्तीत रक्तदान शिबिर भरेल तेव्हा रक्त द्या, आणि पिशवी नेणाऱ्या रक्तपेढीला आवर्जून विचारा की आमच्या प्लाझ्माचं तुम्ही पुढे काय करता.